चारशे तबकं आणि न सापडलेले दोन ओंडके

उत्तर अमेरिकेतल्या ज्या मराठी मंडळाची मी आठ वर्षं सभासद होते, त्याच्या कार्यकारिणीस,

स. न. वि. वि.

मंडळाचा रौप्यमहोत्सव यंदा हवाईत, तोही मी राहते त्याच बेटावर होणार हे कळलं तेव्हा मी आनंदाने घरभर फिरले. एकोणीस वर्षं मी हिलोत आहे. इथे मराठी बोलायला माणूस मिळत नाही आणि आता चारशे कुटुंबं एकदम दारात येणार! मग पत्रिका आली. तिच्या तिसऱ्या पानावर लिहिलं आहे, की प्रत्येक कुटुंबाला ‘हवाईचं चंदन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुर्मीळ कोआ लाकडाचं, गणपती कोरलेलं पूजेचं तबक’ भेट मिळेल. त्याखाली दोन कार्यक्रम आहेत: जंगलभ्रमंती, आणि हळदीकुंकवासाठी लेहुआच्या ताज्या फुलांच्या वेण्या.

मी दोन मेल पाठवले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला एका ओळीचं उत्तर आलं: आगाऊ रक्कम दिली आहे, आता बदल शक्य नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. मंडळाचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कुणाची बदनामी करायची नाही, आणि हवाईला येणारं हे काही एकच मंडळ नाही.

मला यात बोलायचा काय अधिकार, असं कुणी विचारेल. माझे आजोबा मालवण तालुक्यात होड्या बांधायचे. वाकस, पटाशी, रंधा ही नावं मला बाराखडीच्या आधी आली. अंगणात पडलेल्या ढलप्यांवर आम्ही भावंडं खेळायचो आणि वासावरून लाकूड कुठलं ते ओळखायचो. हिलोत आले त्या पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी समुद्रावर गेले, तर वाळूवर एक लांब निमुळती होडी ठेवलेली होती आणि तिच्या एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांवर बांधलेली उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून जोडलेला लाकडाचा ओंडका, होती. आमच्या किनाऱ्यावर रापणीच्या होडीला असते तशीच. इथे तिला ‘आमा’ म्हणतात. घरापासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे उलांडी बघून मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. दुसऱ्या दिवशी त्या होडीच्या क्लबात नाव घातलं. आजतागायत दर शनिवारी वल्हं मारते.

ती होडी कोआची आहे. एरवी सरावाला आम्ही फायबरच्या होड्या वापरतो, पण राज्याच्या अंतिम शर्यतीत कोआच्याच होड्या उतरतात. त्यामुळे क्लबाची ही एक होडी म्हणजे घरातली थोरली बाई. तिला पाण्यातून काढलं, की आधी गोड्या पाण्याने धुवायचं आणि मऊ फडक्याने पुसायचं. मग सावलीत आडव्या घोड्यांवर ठेवायचं, ऊन लागू द्यायचं नाही. पुसताना लाकूड ओलं असतं तेव्हा त्याचा रंग बघावा. मधासारखा तांबूस, आणि आतल्या शिरा अशा हलतात की उथळ पाण्यावर ऊन पडल्यासारखं वाटतं. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, एक जुनी चीर आहे. ती चीर मसाला भरून बुजवलेली नाही. तिच्यावर डमरूच्या आकाराचे लाकडाचे छोटे तुकडे आडवे बसवले आहेत, दोन्ही कडांना धरून ठेवतील असे. त्या ठिगळाला ‘पेवा’ म्हणतात, म्हणजे माशाची शेपटी. जुन्या वाडग्यांनाही अशीच ठिगळं असतात आणि ती लपवत नाहीत. आमच्या प्रशिक्षक बाई त्या तीन तुकड्यांवरून दर वेळी हात फिरवतात.

आता त्या झाडाबद्दल सांगते, कारण पत्रिकेतलं वर्णन मुळातच चुकीचं आहे. कोआ म्हणजे चंदन नव्हे. तो बाभळीच्या गोतातला, फक्त हवाई बेटांवरच मूळचा असलेला वृक्ष आहे. हवाईयन भाषेत ‘कोआ’ या शब्दाचा दुसरा अर्थ शूर, योद्धा. रोप लहान असतं तेव्हा त्याला बाभळीसारखी बारीक पिसापिसांची पानं येतात. वाढता वाढता ती जातात आणि कोयत्याच्या आकाराची पानं येतात. खरं म्हणजे ते चपटे झालेले देठ असतात. कोकणात रस्त्याकडेला लावलेला अकेशिया, ज्याला आपण ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो, त्याची पानं आठवा, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. बाभळीप्रमाणे कोआही जमिनीत नत्र बांधतो. ‘आकिआपोलाआऊ’ नावाचा एक संकटात सापडलेला पक्षी याच झाडाच्या फांद्या टोचून आतल्या अळ्या खातो. त्याची खालची चोच सरळ आणि वरची लांब, वाकडी. तशी चोच दुसऱ्या पक्ष्याची नाही.

हवाईचं चंदन वेगळं, त्याचं नाव इलिआही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरदारांची कर्जं फेडायला सामान्य माणसांना डोंगरात पाठवून ते तोडलं गेलं, जहाजांनी चीनला गेलं, आणि 1840 च्या सुमारास तो व्यापार झाडं उरली नाहीत म्हणून थांबला. इथल्या लोकांच्या मनातली ही जखम आहे. भेटवस्तूच्या जाहिरातीत तो शब्द सजावटीला वापरू नये, एवढीच विनंती.

कोआ हे आधी होडीचं झाड आहे. लोखंड येण्यापूर्वी हवाईचा होडी कोरणारा, ‘कालाई वाआ’, डोंगरात जाऊन झाड निवडायचा आणि त्यावर ‘एलेपायो’ नावाचा लहानसा पक्षी काय करतो ते बघायचा. पक्षी खोडावर येऊन चोचीने टोचू लागला, तर झाड आतून किडलेलं. तो न टोचता खोडावरून नुसता फिरून गेला, तर खोड घट्ट. होडी बांधणाऱ्यांची देवी लेआ याच पक्ष्याच्या रूपात येते अशी त्यांची श्रद्धा. पण आत किडे असतील तरच कीटकभक्षी पक्षी टोचणार, हे शहाणपणही त्यातच आहे. झाड पाडण्याआधी डुक्कर, नारळ, लाल मासा आणि ‘आवा’ या मुळाचं पेय असा नैवेद्य व्हायचा. मग दगडी वाकस. मौना केआ पर्वताच्या माथ्याजवळच्या खाणीतला काळा, घट्ट दगड त्यासाठी प्रसिद्ध होता. तिथे आजही ढलप्यांचे ढीग पडलेले आहेत. जंगलातच ओंडका ढोबळ कोरून दोरखंडांनी समुद्राकडे ओढत आणायचा आणि किनाऱ्यावरच्या शाकारलेल्या मांडवात पुरा करायचा. उलांडी विलीविलीची, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या भाऊबंदातल्या हलक्या लाकडाची. तिच्या आडव्या दांड्या हाऊच्या, तो जास्वंदाच्या कुळातला. सगळं आवळायचं नारळाच्या काथ्याने. खिळा एकही नाही.

आजोबा झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. मी एकदा विचारलं, कुणाला सांगता? म्हणाले, “आदी झाडाक सांगूक व्हया.” हिलोतल्या क्लबात मी हे सांगितलं तेव्हा कुणाला समजावून द्यावं लागलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी कार्यकारिणीने निर्णय घेण्याआधी ऐकायला हवी होती. 1976 साली ‘होकुलेआ’ ही जोडहोडी होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने ताहितीला गेली. त्या होडीचा आराखडा जुना होता, पण अंग प्लायवूड आणि फायबरचं. म्हणून पुढे याच लोकांनी ठरवलं, की एक होडी पूर्वजांसारखी, झाडापासून करायची. तिच्या दोन अंगांसाठी दोन मोठे, सरळ, निरोगी कोआचे ओंडके हवे होते. याच बेटावरच्या जंगलात ते सुमारे नऊ महिने शोधत राहिले. सापडले नाहीत. ज्या बेटांवर एके काळी असंख्य होड्या कोआतून निघाल्या, तिथे एका होडीपुरते दोन ओंडके मिळाले नाहीत.

शेवटी अलास्कातल्या ट्लिंगित, हैदा आणि त्सिमशियन लोकांच्या सीलास्का या संस्थेने स्वतःच्या जंगलातले स्प्रूसचे दोन वृक्ष देऊ केले. सुमारे चारशे वर्षांचे वृक्ष. नायनोआ थॉम्पसन, ज्यांनी होकुलेआवर ताऱ्यांची वाट पुन्हा शिकून घेतली, ते झाडं बघायला तिथे गेले आणि तोडा म्हणायला त्यांचं मन होईना. आपलं जंगल आपण राखलं नाही आणि आता दुसऱ्याचं तोडायला निघालो, हे त्यांना सोसवेना. आधी घरी परत येऊन कोआची रोपं लावायची, मग ती भेट स्वीकारायची, असं ठरलं. 11,000 हून जास्त कोआ लावले गेले. 1993 साली ती होडी, ‘हवाईइलोआ’, पाण्यात उतरली आणि दोन वर्षांनी ती अलास्काच्या लोकांना भेटून आली.

दोन ओंडक्यांसाठी ज्यांनी एवढं केलं, त्यांच्या दारात जाऊन आपण चारशे तबकं मागवली, तीही लाकूड कुठलं हे न विचारता. मला हे सहन होत नाही ते यासाठी.

कुणी म्हणेल, कोआ नामशेष होतोय का? नाही. ओहिआ नावाच्या झाडानंतर इथल्या जंगलात सर्वाधिक दिसणारा मूळचा वृक्ष कोआच आहे, आणि मला खोटं भय घालायचं नाही. गेले ते मोठे, सरळ बुंधे. 1793 साली कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. त्यांना मारू नये अशी दहा वर्षांची बंदी घातली गेली आणि गुरं रानभर झाली. कोआचं कोवळं रोप गुरांना, मेंढ्यांना, डुकरांना फार आवडतं. जुनी झाडं उभी राहिली, खाली नवीन काही येईना. जुनी गेली तशी गवताची कुरणं झाली. उरल्यापैकी चांगले बुंधे लाकडासाठी गेले. आज मौना केआच्या उतारांवर कुंपणं घालून, गुरं बाहेर काढून पुन्हा लागवड चालू आहे. 1985 साली स्थापन झालेल्या हाकालाऊच्या अभयारण्यात लावलेल्या कोआखाली आता परत पक्षी यायला लागले आहेत. पण होडीचा बुंधा व्हायला शंभरहून अधिक वर्षं लागतात.

इथला चांगला कारागीर लाकूड कसं घेतो तेही सांगते, म्हणजे सगळेच विक्रेते वाईट असा अर्थ होणार नाही. तो पडलेलं, वाळलेलं, वठलेलं झाड घेतो. ओंडका कुठल्या जमिनीतून, केव्हा आला हे त्याला तोंडपाठ असतं. उरलेल्या तुकड्याचंही काही करतो. 1879 साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मादेरा बेटावरचे मजूर होनोलुलूला आले, त्यांत तीन सुतार होते. त्यांनी आपल्या गावच्या लहान तंतुवाद्यावरून कोआचं युकुलेली घडवलं, आणि राजा कालाकाउआने त्याला दरबारात जागा दिली. इओलानी राजवाड्यातला जिनाही कोआचाच. त्यामुळे कोआच्या वस्तू करूच नयेत, असं इथलं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

तर माझी गाऱ्हाणी अशी.

पहिलं, लाकडाचा पत्ता. मी दुकानात स्वतः जाऊन विचारलं, तबकाचं लाकूड कुठल्या जंगलातलं? विक्रेत्याला सांगता आलं नाही. नमुना हातात घेतला तर तो माझ्या ओळखीच्या कोआपेक्षा हलका आणि फिका वाटला. मी तज्ज्ञ नाही, आजोबांची नात आहे. पण पर्यटकांच्या दुकानांत आशियातून आलेली अकेशियाची किंवा वर्षावृक्षाची भांडी हवाईयन म्हणून खपतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते कोआ असेल तर कुठला हे कळायला हवं, आणि नसेल तर सभासदांना ते सांगायला हवं. दोन्हीपैकी एकाचंही उत्तर कार्यकारिणीकडे नाही.

दुसरं, तबक कशासाठी? प्रसादासाठी, असं पत्रिकेत लिहिलं आहे. हवाईयन लोक खाण्याची भांडी कोआची करत नसत. त्याच्या लाकडाची कडसर चव अन्नाला लागते. कोआच्या वाडग्यात कपडे, दागिने, सामान ठेवायचं. पोई, म्हणजे अळूचे कंद शिजवून कुटून केलेलं त्यांचं रोजचं अन्न, ठेवायला ‘उमेके’ असायचे कोऊच्या, मिलोच्या किंवा कामानीच्या लाकडाचे. हे वाचून कोकणातल्या माणसाने उठून बसावं: मिलो म्हणजे आपली भेंडी, भाजीची नव्हे, किनाऱ्यावरची पिवळ्या फुलांची, जिला काही गावांत पारोसा पिंपळ म्हणतात. कामानी म्हणजे आपली उंडी, जिच्या बियांचं तेल दिव्यात जळायचं. तेच झाड, जराही फरक नाही. कामानी तर पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होडीतून आणून लावलेली. हवाई आणि कोकण यांचा इतका जवळचा धागा लाकडातच होता, तो धरला असता तर किती शोभलं असतं! तो सोडून आपण नेमकं ते लाकूड निवडलं ज्यात इथे कुणी जेवण वाढलं नाही.

तिसरं, लेहुआच्या वेण्या. लेहुआ हे ओहिआ झाडाचं फूल, लाल, रेशमाच्या गोंड्यासारखं. या बेटावर एका बुरशीने दहा लाखांहून अधिक ओहिआ मारले आहेत. 2014 साली रोगाचं कारण सापडलं. बुरशी शिरते ती झाडाच्या जखमेतून, आणि फूल खुडणं, फांदी मोडणं ही जखमच. दरवर्षी वसंतात हिलोत भरणाऱ्या मेरी मोनार्क महोत्सवासाठी हुला हा इथला नाच शिकवणाऱ्या अनेक गुरूंनी लेहुआ वापरायचं सोडून दिलं. पिढ्यान् पिढ्या लेहुआ माळणाऱ्या नर्तकींनी ती माळायची नाही आणि आपण एका संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी खुडायची? पत्रिका छापण्याआधी एका स्थानिक माणसाला फोन केला असता तरी हे कळलं असतं.

चौथं, जंगलभ्रमंती. तीच बुरशी बुटांच्या तळव्याच्या मातीतून पसरते. वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि फवारा ठेवलेला असतो. बूट घासायचे, माती झाडायची, सत्तर टक्के अल्कोहोल मारायचं, मगच आत पाऊल. कार्यक्रमपत्रिकेत पाण्याची बाटली, टोपी, अल्पोपाहार सगळं आहे. हे नाही.

पाचवं लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहिते. मंडळाच्या ग्रुपवर एक दादा म्हणाले, “हवाईची लाकडं, हवाईची माणसं बघून घेतील, आपण पाहुणे.” दादा, पाहुण्याने यजमानाच्या देवघरातली वस्तू उचलून आणली, तर ती यजमानाने बघून घ्यायची नसते.

माझ्या मागण्या या आहेत, आणि सगळ्या सोहळ्याआधी पुऱ्या होण्यासारख्या आहेत. तबकांची मागणी रद्द करा. आगाऊ रक्कम बुडत असेल तर तो आकडा सभासदांना सांगा, माझा वाटा मी देते. लाकूड कुठलं हे विक्रेत्याकडून लेखी मागवा आणि जे उत्तर येईल ते, चांगलं वा वाईट, सर्वांना वाचायला द्या. पत्रिकेतलं ‘हवाईचं चंदन’ काढा. वेण्या आपल्या मोगऱ्याच्या करा. मोगरा इथे ‘पिकाके’ नावाने भरपूर मिळतो आणि त्याचे हार इथल्या लग्नांत घालतात. जंगलात नेण्याआधी बूट घासण्याची सूचना मराठीत मोठ्या अक्षरांत द्या. ती लिहून द्यायला मी तयार आहे.

आणि भेट द्यायचीच असेल तर प्रत्येक कुटुंबाच्या नावाने एक कोआचं रोप इथेच, कुंपणाच्या आत लावू द्या. रोप तुमच्याबरोबर परत नेता येणार नाही, ते योग्यही नाही. माझ्या मागच्या पडवीत आत्ता ओळीने डबे मांडलेले आहेत. कोआचं बी तपकिरी, चपटं आणि दगडासारखं कडक असतं, मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं. नखं कापायच्या कात्रीने त्याचं एक टोक किंचित टोचायचं किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी टपोरं फुगलेलं दिसलं, की पेरायचं. गेल्या आठवड्यात पेरलेल्यांपैकी सव्वीस वर आले आहेत. चारशे एकट्या बाईकडून होणार नाहीत, पण लागवड करणाऱ्या गटाशी बोलणं मी करून देईन आणि खड्डे काढायला येईन.

शनिवारी सकाळी सहा वाजता आम्ही खाडीवर असतो. ज्यांना होडी बघायची असेल त्यांनी जरूर यावं. शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढा आणि आत आल्यावर होडीला ओलांडून जाऊ नका, तिच्या बाजूने फिरून या. आजोबाही आम्हाला हेच सांगायचे.

उत्तराची वाट पाहते.

तुमची जुनी सभासद,
हिलो, हवाई